बाल्कनीतला ट्रे की खालचा मातीचा कोपरा?

गेल्या महिन्यात आमच्याच विंगमधल्या एका जोडप्याने कुत्र्याचं पिल्लू आणलं. दोघंही नोकरीला जाणारे, दिवसभर घरात फक्त आजी. लिफ्टमध्ये दोघं भेटले तेव्हा त्यातल्या बायकोने विचारलं, "दादा, तुमचा तांबू शी-शूला खालीच जातो ना? आम्हाला सगळे घरातच त्यासाठी ट्रे घ्या म्हणतायत. काय करू?" लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. पण हा विषय सात मजल्यांत संपणारा नाही, म्हणून उरलेलं इथे सविस्तर लिहितो.

मी एकाच कुत्र्याबरोबर दोन्ही करून पाहिलं आहे. आधी काही महिने ट्रे, नंतर आजतागायत खालची एक ठरलेली जागा. तांबू गावठी आहे. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली ऐन पावसात त्याची आई व्याली होती. सप्टेंबरात तो वर आला तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांचा होता. आज चार वर्षांचा आहे. तेव्हा जे सांगतो आहे ते एका नर कुत्र्यावरून, एका घरावरून आणि सातव्या मजल्यावरून. तुमच्याकडची मादी असेल, लहान चणीची असेल, तर थोडं इकडेतिकडे होईल.

पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळून दमलं की त्याला जायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. साधारण जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास, फार तर एखादा तास वर, ते धरून ठेवू शकतं, हेही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते दोन्ही पर्यायांत सारखंच आहे, म्हणून त्यात जात नाही. घरात केलं की त्यातच त्याचं नाक घासायचा सल्ला गावाहून हमखास येईल. तो मात्र ऐकू नका. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायचं नाही. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो.

तिसरा एक पर्याय बहुतेक मुंबईकर न ठरवताच निवडतात. पट्टा बांधायचा, रस्त्यावर न्यायचं आणि त्याला वाटेल तिथे उरकू द्यायचं. मीही मधले काही आठवडे तेच केलं. त्यावर फार लिहीत नाही. फुटपाथवर ज्या जागी तो बसतो तिथे सकाळी कुणीतरी भाजीची पाटी मांडणार असतं. महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला होता, पण दंड नसता तरी ते वाईटच दिसतं. शिवाय प्रत्येक गल्ली कुठल्या ना कुठल्या भटक्या टोळीची. आपला कुत्रा तिथे निवांत बसूच शकत नाही. रात्री अकरा वाजता चाळीस मिनिटं हिंडून काहीच न करता वर यायचं आणि लिफ्टचं दार बंद होताच त्याने तिथेच उरकायचं, हा अनुभव मी एकट्याने घेतलेला नाही. आणि मुलुंड पश्चिम किंवा बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांनी तर रात्रीची भटकंती टाळलेलीच बरी. उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो.

तर खरी निवड दोनच गोष्टींतली. घरात ट्रे किंवा खाली एक कोपरा.

ट्रेच्या बाजूने आधी मनापासून बोलतो, कारण त्याच्याशिवाय पहिले दोन महिने निभावलेच नसते. लशींचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही, असं डॉक्टर बजावून सांगतात. कारणही तसंच आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरून राहतो, आणि आपल्या कंपाउंडात कुठलं आजारी पिल्लू कधी येऊन गेलं ते आपल्याला कळत नाही. त्यामुळे त्या काळात ट्रेला दुसरा इलाज नव्हता. आम्ही आधी शोषून घेणारे पॅड आणले. एक पॅड वीस-पंचवीस रुपयांना, दिवसाला तीन. तांबूला ते फाडायचा नाद लागल्यावर जाळीचा ट्रे आणि वर खोट्या गवताचा तुकडा घेतला. चार दिवसांत तो त्यावर जायला लागला. पहाटे तीनला पिल्लू कुंईकुंई करतं तेव्हा कपडे चढवून लिफ्टची वाट बघण्यापेक्षा चार पावलांवर ट्रे असणं किती मोठं सुख आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

आता ट्रे ठेवायचा कुठे? पुस्तकात "बाल्कनी" लिहिलेलं असतं. मुंबईतल्या निम्म्याअधिक बाल्कन्या कधीच हॉलमध्ये आत घेतलेल्या आहेत. उरते ती स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी, जिथे वॉशिंग मशीन असतं, वर दोऱ्या असतात आणि कोपऱ्यात केरसुणी. आमचा ट्रे तिथेच होता. सप्टेंबरात काही वाटलं नाही. ऑक्टोबरची उन्हं तापायला लागली तसा वास सुटला. गवत रोज धुवायचो, आठवड्याला व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घालायचो, उन्हात वाळवायचो. तरी त्या प्लास्टिकच्या पात्यांच्या मुळाशी काहीतरी राहतंच. फिनेल मारलं तर वर आणखी एक वास, शिवाय फिनेल कुत्र्याच्या तळव्यांना आणि पोटाला चांगलं नाही, कारण तो पंजे चाटतो. आई एकदा दोरीवरची साडी काढून नाकाशी नेऊन बघत होती. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिचे कपडे बेडरूमच्या खिडकीत वाळायला लागले.

तरीही मी म्हणेन, वासावर उपाय करता येतात. दोन तुकडे ठेवावेत, आलटून पालटून वापरावेत, दर दोन-तीन महिन्यांनी बदलावेत. माझा निर्णय वासामुळे झाला नाही. तो पायपुसण्यामुळे झाला.

आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि प्रत्येक दाराबाहेर पायपुसणं, कुठल्याही बिल्डिंगमध्ये असतं तसं. लशी पूर्ण झाल्या, डॉक्टर "आता खाली न्या" म्हणाले, आणि मी पहिल्यांदा तांबूला पट्टा बांधून दाराबाहेर काढलं. दिवाळीचे दिवस होते. शेजारच्या काकूंच्या दारात काथ्याचं नवं कोरं पायपुसणं, त्याच्या कडेला ठिपक्यांची रांगोळी, अर्धीच भरलेली. काकू रंगाच्या डब्या आणायला आत गेल्या होत्या. तांबू सरळ त्या पायपुसण्यावर चढला, काथ्या हुंगला, दोनदा गोल फिरला आणि बसला. मी पट्टा ओढेपर्यंत सगळं झालेलं होतं. पिवळा ओघळ रांगोळीपर्यंत गेला आणि दोन ठिपके पुसले गेले.

काकू बाहेर आल्या. "लहान आहे रे, असू दे," म्हणाल्या. मी पायपुसणं धुऊन दिलं, फरशी पुसली, मुलीने रांगोळीचे ठिपके परत घातले. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, त्या आठवड्यात तिसऱ्यांदाही झालं. आणि मग काकूंचं पायपुसणं दाराआड गेलं. त्यांनी एक शब्दही काढला नाही. वीस वर्षं ज्यांच्या घरी आमची किल्ली असते, त्यांच्या दारासमोर रोज ती रिकामी फरशी दिसायची आणि मला फार वाईट वाटायचं.

तांबू व्रात्यपणा करत नव्हता. मी जे शिकवलं तेच तो चोख करत होता. पिल्लाच्या पायाखाली जे असतं त्याची सवय त्याला फार लवकर लागते. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ती आवड घट्ट व्हायला लागते आणि नेमके तेच आठवडे त्याने खोट्या गवतावर काढले होते. "घराच्या कोपऱ्यातला हा हिरवा तुकडा" असं तो शिकलाच नाही. तो शिकला ते "पायाला खरखरीत लागणारं, चौकोनी, फरशीपेक्षा जरा मऊ". मग त्यात मोरीबाहेरचं पायपुसणं आलं, आईची पूजेची चटई आली, मुलीची योगासनांची मॅट आली आणि चारही दारांबाहेरची पायपुसणी आली. मी महिनाभर त्याला दारापासून लिफ्टपर्यंत कडेवर नेला. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये दार आणि लिफ्ट यांच्यामध्ये दुसऱ्याची पायपुसणी लागतातच, आणि गावठी कुत्रा पाच-सहा महिन्यांत उचलण्यापलीकडे जातो.

सगळ्याच कुत्र्यांचं असं होतं असं नाही. माझ्या मावसभावाकडे पग आहे, ती सहा वर्षं ट्रेवर जाते आणि तिने कधी पायपुसण्याकडे पाहिलं नाही. पण माझ्याकडे झालं ते असं झालं, आणि त्यानंतर मला ट्रेवर भरवसा ठेवता आला नाही.

जानेवारीत मी खाली जागा शोधायला लागलो. आमच्या कंपाउंडात पाच वर्षांपूर्वी कडेकडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. मोकळी माती उरली ती फक्त झाडांच्या बुंध्याशी. गेटजवळच्या माडाखाली सोय होती, पण माडाखाली रोज चार वेळा उभं राहणं शहाणपणाचं नाही. पंपाच्या खोलीमागे देशी बदामाचं झाड आहे. तिथून कुणाचा येण्याजाण्याचा रस्ता नाही, मुलं तिथे खेळत नाहीत, आणि बागेचा नळ दहा पावलांवर. सेक्रेटरींना भेटून रीतसर पत्र दिलं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टने न्यायला बंदी करता येत नाही, हे मला माहीत होतं. पण मी ते पत्रात लिहिलं नाही. मी लिहिलं की आज कुत्री कंपाउंडात कुठेही जातात, एक जागा ठरली तर बाकीचं कंपाउंड स्वच्छ राहील, खर्च माझा आणि सफाईही माझी. कमिटीने एका बैठकीत परवानगी दिली. तुम्हालाही माझं सांगणं आहे की हक्काची भाषा शेवटी वापरा, आधी झाडू दाखवा.

जागा लहानच आहे, चार फूट बाय तीन. वीतभर माती काढली, तळाला खडी पसरली, वर रेती आणि माती मिसळून भरली आणि कडेने विटांचा एक थर लावला. पाणी मुरायला खडी फार महत्त्वाची, नाहीतर चिखल होतो आणि चिखलात कुत्रा पाय ठेवत नाही.

मग तांबूला तिथली ओळख पटवायची होती. त्याच्या जुन्या गवतातून तळहाताएवढा तुकडा कापला, न धुता, आणि मातीच्या मधोमध ठेवला. त्याला वास ओळखीचा आणि पायालाही ओळखीचं. चार दिवसांनी तो तुकडा अर्धा मातीत पुरला. आणखी चार दिवसांनी काढून टाकला. वरचा ट्रे मात्र पहिल्याच दिवशी उचलला. दोन्ही चालू ठेवले असते तर तो खालून फिरून येऊन ट्रेवर गेला असता.

रोज चार फेऱ्या ठरवल्या. सकाळी उठल्याबरोबर, नाश्त्यानंतर, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी. तोच दरवाजा, तोच रस्ता. कोपऱ्याशी पोचलो की पट्टा दोन हात ढिला आणि मी खांबासारखा उभा. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, त्याच्याशी खेळायचं नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर सरळ वर. वर आल्यावर मोकळं सोडायचं नाही, माझ्या खुर्चीशीच ठेवायचं, आणि पंधरा मिनिटांनी परत खाली. पहिल्या रविवारी मी अकरा वेळा खालीवर केलं. तो करायला बसला की हळू आवाजात "शू कर" म्हणायचं, म्हणजे शब्द कामाला चिकटतो. संपलं की त्याच जागी, त्याच क्षणी उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. घरी येऊन दिलेलं बक्षीस उपयोगाचं नाही. त्याला वाटतं, ते घरी आल्याबद्दल मिळालं.

यात एक चूक मी रस्त्यावर नेत होतो तेव्हा रोज करत होतो. त्याचं उरकलं की लगेच घरी वळायचो. कुत्र्याच्या बाजूने बघा. केलं की फिरणं संपतं, मग शहाणा कुत्रा धरूनच ठेवणार. आता उलटं केलं. आधी कोपरा, मग फिरायला. कोपऱ्यावर काम झालं की गेटबाहेर, नाही झालं तर गेट नाही. चाळीस मिनिटांचं ताटकळणं या एका बदलाने संपलं.

नवव्या दिवशी सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि तांबू गेटकडे न वळता पंपाच्या खोलीकडे वळला. पट्टा ताणून, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधून, मला ओढत. विटेवरून आत उडी मारली, नाक मातीला लावलं, एक फेरी मारली आणि बसला. मी अजून चप्पल नीट पायात सरकवत होतो. पक्कं व्हायला तीन आठवडे लागले, रात्रीचं जमायला आणखी महिनाभर. पायपुसण्याकडे वळणं त्या तीन आठवड्यांतच थांबलं. पायाला माती लागल्याशिवाय त्याला आता सुचतच नाही. होळीच्या आसपास काकूंचं पायपुसणं पुन्हा दाराबाहेर आलं. तेच, काथ्याचं. त्या दिवशी मी दारातून आईला हाक मारून ते दाखवलं.

आठव्या महिन्यात तांबू पाय वर करायला लागला. नर कुत्र्याच्या घरी ट्रे असेल तर हे आधीच लक्षात ठेवा. ट्रे आडवा असतो आणि धार उभ्या वस्तूवर जाते. ड्राय बाल्कनीत ती उभी वस्तू म्हणजे वॉशिंग मशीन. नसबंदीने हे बरंच कमी होतं, पण आधी लागलेली सवय पूर्ण जाईलच असं नाही. कोपऱ्यात मी मधोमध लाकडाचा एक ओंडका रोवला. काम झालं. बदामाच्या बुंध्यावर रोज धार पडली असती तर झाडाला त्रास झाला असता, म्हणून ओंडका खोडापासून लांब आहे आणि प्रत्येक वेळी त्यावर मगभर पाणी ओततो. शेजारी तगरीचं झुडूप होतं, त्याची एका बाजूची पानं पहिल्याच उन्हाळ्यात जळाली. मुत्रातल्या नत्राने असं होतं. ते मी दुसरीकडे लावलं.

खरी परीक्षा पावसाळ्याची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गावठी कुत्र्याला ओले पाय अजिबात खपत नाहीत. पावसाने वास धुऊन जातो, म्हणजे त्याची खूणही जाते. पहिल्या मोठ्या सरीत तांबू पार्किंगच्या छपराखाली उभा राहून माझ्याकडे बघत राहिला आणि काही केल्या पुढे येईना. म्हणून चार लोखंडी पायांवर पत्रा टाकून घेतला, उताराला पन्हळ लावली. पत्र्याचा आवाज त्याला दोन दिवस नको वाटला, मग सवय झाली. तेव्हापासून धो धो पावसातही आम्ही सात-आठ मिनिटांत वर असतो. छत्री, टॉवेल, पंजे पुसायचे, आत. तेच रस्त्यावर न्यायचा असता तर साचलेल्या पाण्यातून जावं लागलं असतं, आणि ते मी कधीच करणार नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती माणसं गेली ते या शहराने पाहिलं आहे. उंदरांच्या मुत्रातून पाण्यात उतरणारा तो आजार कुत्र्यांनाही होतो. लेप्टोची लस दरवर्षी द्यायची, आणि तरी साचलेल्या पाण्यापासून लांबच राहायचं. खडीवरचा, विटेने उचललेला, पत्र्याखालचा कोपरा मला या बाबतीत फार भरवशाचा वाटतो.

कोपऱ्याचे तोटेही सांगायला हवेत. एकाच जागी रोज जाणं म्हणजे जंतांची अंडी एकाच मातीत साठण्याचा धोका. म्हणून शी तिथल्या तिथे उचलायची, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं आणि लहान मुलांना त्या मातीत हात घालू द्यायचा नाही. मी जुन्या पेपरची घडी त्याच्याखाली सरकवतो, म्हणजे जमिनीला लागतच नाही, आणि वर आणून संडासात टाकतो. आठवड्याला खुरप्याने माती वरखाली करतो, महिन्याला वरचा थर बदलतो. लिंबा-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम घरी करतो, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने झाकून. ते पाण्यात मिसळून शिंपडलं की वास मरतो असा माझा अनुभव आहे. दिवसातून चार वेळा खाली जाणं हेही आहेच. ताप असो, पाहुणे असोत, लिफ्ट बंद असो. लिफ्ट दुरुस्तीला गेली होती त्या आठवड्यात माझे गुडघे बोलायला लागले.

आणि एक गोष्ट मी आधी ओळखलीच नव्हती. एकाच जागेची सवय इतकी पक्की होते की दुसरीकडे कुत्रा अडतो. पहिल्यांदा तांबूला घेऊन कोकणात गेलो. सभोवती सगळं मोकळं, माड-पोफळीची वाडी, आणि हा चौदा तास काहीच करेना. सासूबाई काळजीने दर तासाला विचारत होत्या, "झाली का रे त्याची?" शेवटी वाडीत विटा मांडून चौकोन केला, पट्टा ढिला सोडून उभा राहिलो आणि "शू कर" म्हटलं, तेव्हा झालं. आता गावी जाताना त्याच्या कोपऱ्यातली डबाभर माती बरोबर नेतो. पोचल्यावर एका झाडाखाली ओततो, तो हुंगतो आणि लगेच जातो. म्हणून शब्द शिकवायचा कंटाळा करू नका, पुढे तोच उपयोगी पडतो.

मग ट्रे कुणी घ्यावा? घरात फक्त वयस्कर माणसं असतील, गुडघे साथ देत नसतील, विसाव्या-तिसाव्या मजल्यावर राहत असाल आणि खाली सगळा पोडियम, म्हणजे पार्किंगवरचा मोकळा भाग, फरशीचा असेल, कुत्रा लहान चणीचा आणि मादी असेल, किंवा कुत्रा म्हातारा, आजारी असेल, तर ट्रेला मी नाही म्हणणार नाही. तिथे तो कुत्र्यावर उपकारच आहे. मजल्यावर एकच दार असेल तर माझ्या पायपुसण्याच्या गोष्टीचाही तुम्हाला उपयोग नाही. पण खाली हातभर माती मिळत असेल, तुमच्या पायात बळ असेल आणि कुत्रा गावठी, लॅब्राडोर किंवा त्याहून मोठा होणार असेल, तर थोडे दिवस कष्ट घेऊन खालीच शिकवा असं मला वाटतं. आमच्या विंगमधल्या त्या दोघांनाही मी तेच सांगितलं. कोपरा आहेच, तांबूबरोबर तुमचंही पिल्लू तिथे येऊ दे, फक्त त्याच्या लशी आधी होऊ देत.

लशी होईपर्यंत त्यांना ट्रे लागणारच. तर त्यात गवत घालू नका, पॅडही नको. नर्सरीतून बंद पिशवीतली माती आणा आणि तीच ट्रेमध्ये चार बोटं भरा. खालची माती मात्र वर आणू नका, पार्व्होची भीती तीच. पिल्लाच्या पायांना पहिल्या दिवसापासून माती लागली की त्याला पायपुसण्याची ओढ लागणार नाही, निदान तशी शक्यता फार कमी होईल. रोज ओला भाग खुरप्याने काढून टाका आणि नवी माती घाला. मग डॉक्टर ज्या दिवशी "खाली न्या" म्हणतील त्या दिवशी त्या ट्रेमधली दोन मुठी माती पिशवीत घ्या, पिल्लाला कडेवर घेऊन चार पायपुसणी ओलांडा आणि ती माती कोपऱ्यात ओंडक्यापाशी टाका. नाक खाली गेलं की पट्टा ढिला सोडा.